पाटीवरचे नाव आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

२५ डिसेंबर २०२५ रोजी रायगड जिल्ह्यातील नव्या विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. याच जिल्ह्यात, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळली गेली. तारीख एकच आहे, हा निव्वळ योगायोग. परंतु इतिहास वाचणाऱ्याने योगायोगही वाया घालवू नये. महाडचा प्रश्न असा होता की, सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या तळ्यावर नेमका हक्क कोणाचा? पनवेल-उरणच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या विमानतळाकडे पाहताना हाच प्रश्न जमिनीविषयी आणि कामाविषयी विचारावा लागतो. तो विचारण्याची सवय आपल्या चळवळीने सोडता कामा नये.

या विमानतळावरून सुरुवातीच्या काळातच गोवा, हैदराबाद, बेंगळुरू, नागपूर अशा जवळच्या पल्ल्यांची विमाने उडू लागली. नागपूरला रेल्वेने जायचे तर रात्र गाडीत काढावी लागते. विमानाने तासा-दीड तासात काम होते. या छोट्या उड्डाणाला आपल्या दृष्टीने एक वेगळा अर्थ आहे. ज्या विमानतळावरून विमान उठते त्याला शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, आणि २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने त्या नावाचा ठराव केला. जिथे ते उतरते त्या नागपूरच्या विमानतळाला २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. म्हणजे प्रवासी एका लढ्याच्या नावापासून दुसऱ्या लढ्याच्या नावापर्यंत जातो. मधल्या तासा-दीड तासात त्याला नाश्त्याची किंमत समजते, हवामान समजते. खाली राहिलेल्या जमिनीचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

तो इतिहास फार जुना नाही. कुलाबा जिल्ह्यात खोताचे राज्य होते. कुळाने खारपाटात बांध घालायचा, भात पिकवायचे आणि पिकातला मोठा हिस्सा खोताच्या घरी पोचवायचा, अशी रीत होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३०च्या दशकात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे संप चालवला. त्या संपाच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. आगरी, कुणबी, महार या कष्टकरी जातींना एका मागणीखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. बाबासाहेबांना केवळ अस्पृश्यांचे पुढारी म्हणून एका कोपऱ्यात बसवणाऱ्यांनी हे पान नेहमीच दुमडून ठेवले आहे.

खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कसणाऱ्या कुळाचे नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर चढू लागले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावाने नांगर धरणाऱ्याला आपले नाव कागदावर दिसले, ही साधी गोष्ट नव्हती. पण ती शाई वाळते न वाळते तोच १९७० साल उजाडले. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसवण्याचे ठरले. मुंबईची गर्दी कमी करायची होती. त्यासाठी ज्यांनी मुंबईत गर्दी केली नव्हती त्यांची जमीन घ्यायची होती.

दि. बा. पाटील यांचे कार्य या टप्प्यावर मोठे ठरते. ते जासईचे, पेशाने वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी. जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोटे परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. विमानतळासाठी २०१३-१४ साली जे पॅकेज ठरले त्यात हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. सरकारने ठरवलेला दर मुकाट्याने घ्यायचा, ही जुनी रीत या चळवळीने मोडली. जमीन गेली तरी तिच्या वाढत्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा राहिला पाहिजे, हा विचार तिने रुजवला. याचे श्रेय हातचे राखून देण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक विजयाची एक हद्द असते आणि ती हद्द कोठे आखली गेली हे पाहणे इतिहासाचे काम असते. या विजयाची हद्द सातबाऱ्याच्या कागदाशी आहे. टक्केवारी साडेबारा असो की साडेबावीस, टक्का काढायला आधी जमीन नावावर असावी लागते. शून्याचे साडेबावीस टक्के शून्यच.

विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर जागा लागली आणि दहा वस्त्या उठल्या: कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, उलवे, गणेशपुरी, कोंबडभुजे, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे. या नावांच्या गावांत जमीनमालक होते तसे खाडीवर जगणारेही होते. पाग टाकून मासळी धरणारा कोळी, ओहोटीच्या चिखलात चिंबोऱ्या आणि कालवे शोधणारी बाई यांची उपजीविका खाडीवर होती. खाडीचा सातबारा नसतो. या पट्ट्यात मिठागरातला मजूर होता, वीटभट्टीवर आणि जंगलात राबणारा कातकरी होता, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारे भूमिहीन होते. घराच्या मोजणीत ज्याचे घर सापडले त्याला भूखंड मिळाला; पण ज्या खाडीवर, ज्या शेतावर, ज्या मिठागरावर तो जगत होता त्याची मोजणी कोणत्या रकान्यात करायची?

हा प्रश्न विमानतळाने जन्माला घातलेला नाही. गावगाड्यातच तो होता. महाराला वतनाची जमीन मिळे ती मालकी म्हणून नव्हे. अहोरात्र राबण्याच्या बदल्यात ती गळ्यात बांधलेली असे. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. वतन गेले, परंतु त्यामुळे भूमिहीनतेचा प्रश्न मिटला नाही. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांत हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांची मागणी साधी होती: पडीक सरकारी जमीन कसायला द्या. ज्या राज्याला भूमिहीनांसाठी पडीक जमीन शोधताना दमछाक होते, त्याच राज्याला शहरासाठी, बंदरासाठी, विमानतळासाठी पिकाऊ जमीन सापडते. हा विरोधाभास अपघाताने घडत नाही. जमीन कोणासाठी शोधायची, याचा निर्णय आधीच झालेला असतो.

‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७च्या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले. जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको, हा त्यामागचा विचार होता. कुळकायद्याने जमीनदार आणि कूळ हे दोन शब्द हाताळले. तिसरा शब्द तसाच राहिला. नवी मुंबईच्या विस्थापितांच्या इतिहासात जी पोकळी दिसते ती या तिसऱ्या शब्दाची आहे.

जमिनीबरोबर स्मृतीही उठते. धावपट्टीसाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. वाघिवलीवाड्याच्या परिसरात केरुमाता या नावाने पुजली जाणारी लेणी होती. ती बौद्ध लेणी आहे असे सांगत तिच्या जतनासाठी बौद्ध कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. गावकऱ्यांची देवता आणि आपली लेणी यांत भांडण लावणे सोपे आहे. पण कार्ल्याच्या चैत्यगृहाशेजारी आगरी-कोळ्यांची एकवीरा शतकांपासून नांदते आहे. एका दगडावर दोन कष्टकरी समाजांची स्मृती असू शकते. विकासाच्या नकाशावर मात्र त्या दगडाची नोंद घनमीटरात होते.

आता विमान जिथे उतरते त्या नागपूरकडे वळू. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. तीन दिवसांनी धर्मांतर झाले. त्या सोहळ्याला आलेल्या लाखोंपैकी कोणी आगगाडीने आले, कोणी बैलगाडीने, कित्येक पायी चालत आले. दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरच्या रात्री, बाबासाहेबांचा देह दिल्लीहून विमानानेच मुंबईला आणावा लागला आणि कडाक्याच्या पहाटे सांताक्रूझ विमानतळाबाहेर कामगार वस्त्यांतली माणसे वाट पाहत उभी होती. आपल्या समाजाच्या इतिहासात विमानतळ येतो तो असा, कुंपणाबाहेरून पाहिलेला.

त्या नागपूरच्या विमानतळाला आज बाबासाहेबांचे नाव आहे. नावाला किंमत नसते असे म्हणणाऱ्याला मराठवाडा आठवत नाही. २७ जुलै १९७८च्या ठरावानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे आपण एका पाटीसाठी लढलो, कारण ती पाटी कोणाचे ज्ञान, कोणाचा हक्क हे सांगणारी होती. म्हणून रायगडच्या भूमिपुत्रांनी आपल्या नेत्याच्या नावासाठी साखळी धरली तेव्हा त्यांची भावना आपल्याला परकी वाटू नये.

पण नागपूरच आपल्याला दुसरा धडाही देते. त्याच विमानतळाला लागून मिहान प्रकल्प आला आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा यांसारख्या गावांची जमीन गेली. तिथल्या लोकांनाही मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी झगडावे लागले. म्हणजे पाटीवर बाबासाहेबांचे नाव असले की आतला व्यवहार बाबासाहेबांच्या विचाराने चालतो, असे नाही. नाव हा हक्काचा पुरावा आहे. हक्काची पूर्तता नव्हे.

मग पूर्तता कशात मोजायची? २०१७ साली ‘उडान’ योजनेचे पहिले विमान सुटले तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसेल, असे सांगण्यात आले. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपासची मर्यादा काही जागांपुरती ठरवली गेली. ज्या समाजाला गावातून जाताना पायातली चप्पल हातात घ्यावी लागत होती, त्याला या घोषणेतली गंमत वेगळी कळते. आपल्यातली शिकली सवरलेली मुले आज विमानात बसतात आणि त्याचा आपल्याला अभिमानच आहे. तथापि एका बाकावर बसलेल्यांची संख्या मोजून इमारतीचा न्याय ठरत नाही. फरशी पुसणारा कोण, शौचालयाबाहेर उभा कोण, ट्रॉल्या ढकलणारा कोण आणि खुर्चीवरचा अधिकारी कोण, हेही मोजावे लागते.

इथे एक कायद्याची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संविधानाच्या कलम १६(४) मधील राखीव जागा राज्याच्या सेवांपुरत्या आहेत. नव्या विमानतळाच्या कंपनीत अदानी समूहाचा हिस्सा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के आहे. जमीन सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित झाली. नोकरी देण्याची वेळ आली तेव्हा संस्था खाजगी ठरली. संपादनापुरते सार्वजनिक आणि भरतीपुरते खाजगी, अशी ही दुहेरी नोंद आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नव्हते त्याला पहिल्या वेळी वगळले गेले. हजेरीपटावर तो आला तरी ठेकेदाराचा माणूस म्हणून येतो. कायम नोकराच्या यादीत नाही. एकाच माणसाला दोनदा वगळण्याची ही रीत नवी वाटते, पण गावगाड्याने ती आपल्याला पूर्वीच शिकवली आहे. कामाला हवा, वाट्याला नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी करण्याचे काम स्पष्ट आहे. दहा उठलेल्या गावांतील बौद्धवाड्या, कोळीवाडे, कातकरी वस्त्या होत्या कोठे, माणसे गेली कोठे, कोणाला काय मिळाले, याची घरोघर जाऊन नोंद करा. त्या माणसांतली वृद्ध माणसे अजून बोलू शकतात. दहा वर्षांनी बोलतीलच असे नाही. विमानतळातल्या ठेक्यांचे हजेरीपट मागा. सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक खाजगी आस्थापनेत राखीव जागा हव्यात, ही मागणी आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या स्थानिक नोकरीच्या मागणीशी जोडा. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत असे भासवणारे लोक पुढे येतील. त्यांना चरीचा संप आणि १९३८चा मोर्चा दाखवा. आगरी कूळ आणि महार शेतमजूर तेव्हा एका मोर्च्यात चालले होते. पाटीवरचे नाव त्या मोर्च्याने मिळवले नव्हते. खोताची वहीच त्याने उलटी केली होती. आज वही बदलली आहे, खोतही बदलला आहे. ती उलटी करण्याचे काम तेवढे बाकी आहे.