अंगठीवर घराण्याची खूण : कुलचिन्ह, शिक्का आणि नांगर

लग्नात जावयाला, साठीशांतीला वडिलांना किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाला देण्यासाठी 'घराण्याचे कुलचिन्ह' कोरलेली अंगठी हल्ली सहज करून मिळते. आडनाव सांगितले की दुकानदार ढाल, तलवारी, सिंह आणि खाली पट्टीवर नाव असे चित्र दाखवतो. पण मराठी घराण्यांना अशी ढालीवरची चिन्हे कधी होती का? थोडक्यात उत्तर असे, की ढालीचे चिन्ह नव्हते, खूण मात्र होती. ती शिक्क्याच्या अक्षरांत होती आणि नांगर, तराजू यांसारख्या निशाण्यांत होती. ती आडनावाला मिळालेली नसे, तर हक्काला आणि जबाबदारीला जोडलेली असे. बारामती-इंदापूरचा परिसर हा इतिहास समजून घ्यायला चांगला आहे.

मुद्रेची अंगठी म्हणजे काय?

मुद्रा या शब्दाचा मूळ अर्थ ठसा. ठसा उमटवणाऱ्या अंगठीलाही संस्कृतात मुद्राच म्हणत, आणि त्यावरूनच मुद्रिका हा शब्द आला. अशा अंगठीच्या माथ्यावर चिन्ह किंवा अक्षरे उलटी आणि खोलगट कोरलेली असतात. लाखेवर, मेणावर किंवा मातीवर दाबली की ती सुलटी आणि उठावदार उमटतात. पत्र कोणी पाठवले आणि वाटेत ते कोणी उघडले नाही ना, या दोन्ही गोष्टींची खात्री त्या ठशावरून होत असे.

म्हणूनच मुद्रा हरवणे धोक्याचे असे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकाचे कथानक याच धोक्यावर उभे आहे. नंदांचा अमात्य राक्षस याची अंगठी चाणक्याच्या हेराच्या हाती लागते, चाणक्य एका बनावट पत्रावर तिचा ठसा उमटवतो आणि राक्षसाचे मित्रच त्याच्याविरुद्ध जातात. हस्ताक्षर ओळखण्यापेक्षा मुद्रा ओळखण्यावर भर असलेल्या काळात ठसा म्हणजेच माणसाचा शब्द होता.

युरोपातले कुलचिन्ह कोणाचे असते?

युरोपात बाराव्या शतकापासून सरदारांच्या ढालींवर ठरावीक चिन्हे दिसू लागली. पुढे ती वारशाने चालू लागली आणि अंगठ्यांवर कोरली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये अशा चिन्हांची नोंद ठेवणारी आणि नवी चिन्हे देणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ मध्ये स्थापन झाली. तिथला नियम असा, की चिन्ह एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. एकच आडनाव असलेल्या सगळ्यांचे एकच चिन्ह, असे तिथेही नसते. त्यामुळे आडनावावरून चिन्ह विकणारी दुकाने इंग्लंडच्या नियमांतही बसत नाहीत. भारतात तर कुटुंबांना अशी चिन्हे देणारी संस्थाच नाही.

मराठी मुलखातला शिक्का

इंदापूर, सुपे आणि पुणे हे भोसले घराण्याच्या जहागिरीचे परगणे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले आणि इंदापुरात त्यांची गढी आजही दाखवतात. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि काही काळ संभाजी मोहिते तिथे ठाणे सांभाळत. या मुलखातल्या गावांना येणाऱ्या कागदांवर कोणाचा शिक्का आहे, हे गावाला पाहावेच लागे. कारण त्यावरून सारा कोणाला भरायचा आणि न्याय कोणाकडे मागायचा, हे ठरत असे.

दक्षिणेतल्या सुलतानांच्या राज्यात शिक्के फारसीत असत. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्राही फारसीत होत्या. शिवाजी महाराजांची मुद्रा संस्कृतात आहे. अष्टकोनी चौकटीतल्या त्या मजकुराचा आशय असा, की प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते आहे. खेड-शिवापूरजवळच्या रांझे गावच्या पाटलाच्या गैरवर्तनाचा निवाडा देणाऱ्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ही मुद्रा आहे. त्या निवाड्यात पाटलाला कठोर शिक्षा झाली आणि पाटीलकी त्याच्याकडून काढून त्याच्या नात्यातल्या माणसाला देण्यात आली. या मुद्रेत ढाल, तलवार किंवा प्राणी यांपैकी काहीच नाही. आपण कोण, कोणाचे पुत्र आणि ही सत्ता कशासाठी, एवढेच ती शब्दांत सांगते.

पत्राला दोन ठसे लागत. एक मुख्य शिक्का आणि दुसरा, मजकूर जिथे संपतो तिथे उमटवायचा लहान ठसा, म्हणजे मोर्तब. मोर्तबाच्या पुढे कोणी चार ओळी घुसडू नयेत, हा त्याचा उपयोग. पेशवेकाळातल्या मोर्तबावर 'लेखनसीमा' असा शब्दच असे. 'निर्णयावर शिक्कामोर्तब झाले' हा आजचा वाक्प्रचार याच दोन ठशांवरून आला आहे. पत्राचा मजकूर मोडीत आणि शिक्क्याची अक्षरे बाळबोध, म्हणजे देवनागरी, असे दृश्य या कागदांवर नेहमी दिसते.

बारामतीचे नाईक आणि शिक्का-कट्यार

शिक्का घराण्याचा की पदाचा, याचे उत्तर बारामतीच्या इतिहासात सापडते. बारामतीचे नाईक जोशी हे मोठे सावकार. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा आहे आणि कवी मोरोपंत (१७२९–१७९४) त्यांच्याच आश्रयाला होते. आबाजी नाईक यांचे लग्न पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी भिऊबाई हिच्याशी झाले होते, म्हणजे पहिल्या बाजीरावाचे ते मेहुणे. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक यांनी बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १७४० मध्ये, पेशवेपद स्वतःला मिळावे म्हणून साताऱ्यात प्रयत्न केला. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. शाहू महाराजांनी पद बाजीरावाचा मुलगा बाळाजी, म्हणजे नानासाहेब, याला दिले.

पेशवाई मिळणे म्हणजे वस्त्रांबरोबर शिक्का आणि कट्यार मिळणे. पेशव्याच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचे नाव आणि मग प्रधानाचे नाव असे. छत्रपती बदलले की शिक्काही नवा करावा लागे. पेशव्यांची कितीही पिढीजात सत्ता चालली, तरी शिक्का त्यांच्या कुळाचा झाला नाही. तो छत्रपतींनी दिलेल्या अधिकाराचा राहिला. नाईकांकडे पैसा होता आणि पेशव्यांशी सोयरीकही होती, पण शिक्का-कट्यार मिळाली नाही, तेव्हा तो अधिकारही मिळाला नाही.

गावची निशाणी : नांगर आणि तराजू

दरबारात शिक्का चाले, तर गावात निशाणी. देशमुख-देशपांड्यांकडे स्वतःचे शिक्के असत. पाटील मात्र कागदावर नांगराचे चित्र काढी. पेठेचे शेटे-महाजन तराजू काढत. बलुतेदार आपल्या धंद्याच्या हत्याराची खूण करत. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे आला, की निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्याखाली हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या येत. लिहिता न येणारा माणूसही त्यामुळे साक्षीदार म्हणून कागदावर येत असे.

या खुणांना फार किंमत होती. पाटीलकीची वाटणी झाली किंवा अर्धी पाटीलकी विकली गेली, तर करारात जमिनीबरोबर मानपानही लिहिले जाई. होळीच्या पोळीचा मान कोणाचा, शिराळशेठ आधी कोणाचा, आणि कागदावर नांगर आधी कोणी काढायचा. वडीलपण ज्याच्याकडे, त्याचा नांगर पहिला. एका लहानशा चित्राच्या जागेवरून भाऊबंद वर्षानुवर्षे भांडत, कारण ती जागा गेली तर पुढच्या पिढीचा हक्कच संशयात येई.

आडनावावरून चिन्ह ठरवण्यातली चूक इथेच लक्षात येते. पाटील, देशमुख, कुलकर्णी, महाजन ही आडनावे हुद्द्यांवरून आली आहेत. इंदापूर तालुक्यातल्या दोन गावांचे पाटील एकमेकांचे नातेवाईक असतीलच असे नाही, कुळेही वेगळी असू शकतात. त्या सगळ्यांत सारखा होता तो नांगर, आणि तो कामाची खूण होता.

देवक आणि टाक

कुळाची म्हणता येईल अशी खूण मराठी समाजात देवकाची आहे. कळंब, पंचपल्लव असे कुळाचे देवक ठरलेले असते, लग्नात ते बसवतात आणि अनेक समाजांत एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. दुसरी खूण कुलदैवताची. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी किंवा नीरा-भीमेच्या संगमावरच्या नीरा नरसिंहपूरचा नृसिंह, यांपैकी आपले कुलदैवत कोणते हे घरोघरी ठाऊक असते. देवघरात त्याचे चांदीचे टाक असतात. पण देवक आणि टाक हे पूजेसाठी आहेत, कागदावर ठसा उमटवण्यासाठी ते वापरले गेले नाहीत.

ढालीचे चिन्ह आले कुठून?

१८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केले गेले. त्या प्रसंगी संस्थानिकांना देण्यासाठी निशाणे तयार झाली आणि रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांवर युरोपीय पद्धतीची कुलचिन्हे आखली. ढाल, दोन बाजूंना प्राणी, खाली ब्रीदवाक्याची पट्टी हा साचा भारतात रूढ झाला तो असा. संस्थानांच्या टपालावर, इमारतींवर, पदकांवर तो दिसू लागला. आज अंगठीसाठी दाखवले जाणारे 'मराठा कुलचिन्ह' बहुधा याच साच्यातले असते.

वतने गेली, खुणा कागदावर राहिल्या

इंग्रजी अमलात इनाम कमिशनने इनामांची तपासणी केली, तेव्हा जुन्या सनदा दाखवाव्या लागल्या. शिक्क्याचा अस्सल कागद घरात असणे किंवा नसणे, यावर जमीन राहणार की जाणार हे अवलंबून राहिले. स्वातंत्र्यानंतर वतनेच रद्द झाली. परगणा आणि कुलकर्णी वतनांसाठी १९५० चा, कनिष्ठ गाव वतनांसाठी १९५८ चा आणि मुलकी पाटीलकीसाठी १९६२ चा कायदा झाला. नांगराची निशाणी त्याबरोबर निरुपयोगी झाली. तिच्या जागी सही आणि अंगठा आला. खरेदीखतावर आजही सही न येणाऱ्याच्या नावापुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहितात. त्यातला निशाणी हा शब्द जुनाच आहे.

अंगठी करून घ्यायची असेल तर

• आधी घरातले कागद पाहावेत. जुने दप्तर असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा कागदसंग्रह आहे. गाव आणि परगण्याचे नाव माहीत असेल तर शोध सोपा होतो.

• कागद नसेल तर नवी खूण करायला हरकत नाही. घरचा धंदा, गाव, देवक किंवा आद्याक्षर यांतून एक साधे चिन्ह बनवता येते. ते नवे आहे हे मुलांना सांगावे, म्हणजे दोन पिढ्यांनी त्याचा खोटा इतिहास होणार नाही.

• शिवाजी महाराजांची राजमुद्रा अनेकजण आदराने अंगठीवर कोरून घेतात. भारतीय नौदलाच्या २ सप्टेंबर २०२२ पासूनच्या ध्वजावरची अष्टकोनी चौकटही तिच्यावरूनच घेतली आहे. मात्र ती राजाची मुद्रा आहे, कोणा कुटुंबाची खूण नव्हे. अशोकस्तंभाच्या राजचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधने आहेत.

• ठसा उमटवायचा असेल तर कोरीवकाम उलटे हवे, नुसती शोभेची अंगठी असेल तर सुलटे. हे सोनाराला लेखी सांगावे. देवनागरीत शिरोरेषा, वेलांट्या आणि जोडाक्षरे लहान जागेत भरून जातात, म्हणून दोन-तीन अक्षरांपेक्षा जास्त मजकूर टाळावा. नक्षी पक्की करण्याआधी मऊ मातीवर ठसा घेऊन पाहावा.

• पोकळ अंगठीवर खोल कोरता येत नाही, माथा भरीव हवा. २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेटचे सोने कठीण असते आणि त्यावरच्या रेषा जास्त टिकतात. खड्यात कोरायचे असेल तर अकीक चांगला, कारण गुळगुळीत अकिकाला लाख चिकटत नाही. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आहे ना, हे पाहावे.

जुन्या काळी नांगराची निशाणी करणारा पाटील गावाच्या साऱ्याला आणि गावाच्या वागण्याला जबाबदार असे, आणि रांझ्याच्या निवाड्याप्रमाणे ती जबाबदारी मोडली तर पाटीलकी जात असे. अंगठीवर नांगर कोरून घेताना मुलाबाळांना एवढे सांगितले तरी पुरे.