ठिणगी न पडणारी गारगोटी

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर दोन परस खाली नेली. गाव मेहकर तालुक्यातलं, म्हणजे बुलढाण्याच्या बोलीत घाटावरचं. घाटाखाली पूर्णेकाठी माती खोल आणि पाणी खारं. आमच्याकडे माती वीतभर, खाली नुसता पाषाण. सुरुंग उडायचे आणि ढीग वर यायचा. काळा दगड संपून मांजऱ्या लागला, म्हणजे भोकाभोकांचा खडक. त्या भोकांत पांढरे, गुलाबीसर, चमकणारे खडे भरलेले. आम्ही पोरं ते गारगोटी समजून अंधारात एकमेकांवर घासायचो. ठिणगी पडायची नाही, भुगा व्हायचा. खोदणारे हसायचे, "याच्यात काई दम नाई."

पुढं मी विज्ञानाचा मास्तर झालो. तोच एक खडा कुटून परीक्षानळीत घातला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. कोरडा ठणठणीत दगड. पण नळीच्या गार काठावर पाण्याचे थेंब जमले. पोरं गप्प झाली. दुष्काळातल्या विहिरीनं टाकून दिलेल्या दगडात पाणी होतं!

खडा स्टिल्बाइटचा. त्याच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा पाणीच असतं. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असाच दगड तापवला, तो फसफसला. म्हणून त्यानं या जातीला नाव दिलं जिओलाइट, ग्रीक भाषेत उकळणारा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर खनिजं विरघळलेल्या पाण्यानं त्या स्फटिकांनी भरल्या. पण खरी गंमत स्फटिकाच्या आत आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची ताठ जाळी, तिच्यात रेणू मावतील एवढ्याच खोल्या. पाणी काढा, खोल्या तशाच उभ्या राहतात.

बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा हेच खडे निघाले आणि विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. आमचे विहिरीच्या काठावर राहिले. पुढं कारखान्यांनी सोडा, सिलिका आणि ॲल्युमिना शिजवून जिओलाइट बनवायला घेतले. धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला तेच घालतात.

२०२५च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल रॉबसन, कितागावा आणि याघी या तिघांना मिळालं. विषय तोच, खोल्यांचा. पण खोल्या माणसानं आखलेल्या. कोपऱ्यात धातू आणि दोन कोपऱ्यांना जोडणारी कार्बनी रेणूची दांडी. नाव धातू-सेंद्रिय चौकट, लाडकं नाव मॉफ. यातला रॉबसन मला आपल्या बिरादरीतला वाटतो. १९७४ साली मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांसाठी अणूंच्या प्रतिकृती करायला त्यानं लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घेतली. भोकं योग्य जागी असली की सांगाडा आपोआप नीट जुळतो, हे त्याला तिथं दिसलं. मग खऱ्या रेणूंवर तेच करून पाहायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागली. तो पहिला सांगाडा १९८९ साली छापून आला. कितागावानं खोल्यांत वायू आत-बाहेर करून दाखवला. याघीनं १९९९ साली मॉफ-५ बनवला, तापवला तरी न कोसळणारा. दोन-चार ग्रॅमच्या आत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग. अम्मानमध्ये नळ नसलेल्या घरात याघी वाढला. पुढं त्याच्याच गटानं मॉफच्या भुकटीनं ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या हवेतून पाणी काढलं. रात्री भुकटी ओल पिते, दिवसा उन्हानं सोडते. माझ्या परीक्षानळीत याहून वेगळं काय घडलं होतं?

याच याघीकडे काम करून राहुल बॅनर्जी २००८ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. त्या वर्षीचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध ज्या मॉफवर होता, त्यांची जाळी जिओलाइटच्या वळणाची आहे. म्हणजे नमुना दगडाचाच.

आता घाटावर विहिरी यंत्रानं खोदतात आणि मांजऱ्याचा ढीग रस्त्याच्या भरावात जातो. तुमच्या शिवारात विहीर लागली असेल तर पांढरा, ठिणगी न पडणारा एखादा खडा बाजूला काढा आणि जवळच्या शाळेत नेऊन द्या. मास्तरला सांगा, तापवून बघा.