पॅजेट अस्थिविकार : आनुवंशिक कारणे

पॅजेट अस्थिविकार : हाडांची झीज व भर यांचा मेळ बिघडवणारा जुनाट विकार. तो बहुधा पन्नाशीनंतर उघड होतो. सर जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८७७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या पहिल्या रुग्णाची कवटी वर्षानुवर्षे वाढत गेली आणि त्याला टोपी पुन्हापुन्हा मोठ्या मापाची घ्यावी लागली.

निरोगी हाडात अस्थिभक्षक पेशी जुना भाग पोखरतात व अस्थिजनक पेशी तेथे नवा भरतात. या विकारात भक्षक पेशी अवाढव्य होतात. एकेका पेशीत शंभरापर्यंत केंद्रके दिसतात. त्यांच्या वेगाशी मेळ घालताना नवे हाड घाईने, वेडेवाकडे रचले जाते. ते जाड दिसते, पण ठिसूळ असते.

प्रमुख जनुक : २००२ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या फ्रेंचभाषक कुटुंबांच्या अभ्यासातून पाचव्या गुणसूत्रावरील ‘एसक्यूएसटीएम-१’ जनुकाचा दोष उघडकीस आला. हे जनुक ‘पी-६२’ प्रथिन घडवते. त्याच्या ४४० ॲमिनो आम्लांपैकी ३९२व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन येणे हा सर्वाधिक आढळणारा बदल. जनुकाच्या लिपीत तो केवळ एका अक्षराचा फरक आहे. दोषामुळे प्रथिनाची युबिक्विटिनला धरण्याची क्षमता घटते आणि भक्षक पेशींना चेतवणाऱ्या ‘रँक’ संदेशमार्गावरचा लगाम ढिला पडतो. कौटुंबिक रुग्णांपैकी सुमारे २० ते ५० टक्के, तर घराण्यात पूर्वेतिहास नसलेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्णांत या जनुकाचे दोष सापडतात. वारसा प्रभावी असल्याने आई किंवा वडील वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

संबंधित विकार : ‘रँक’ ग्राहीच्याच जनुकातील दोषांमुळे तरुणपणी हाडे पोखरणारे दुर्मिळ विकार होतात. बालवयीन प्रकार अप्रभावी वारशाचा असून त्यात ऑस्टिओप्रोटेजेरिन हे भक्षक पेशींना आवरणारे प्रथिन निकामी असते. अमेरिकेतील नाव्हाहो समाजाच्या दोन रुग्णांत त्याचे जनुकच गळालेले आढळले. ‘व्हीसीपी’ जनुकाच्या दोषात (२००४) हाडांच्या विकारासोबत स्नायूंची दुर्बलता व स्मृतिभ्रंशाचा एक प्रकारही दिसतो. जनुके निरनिराळी असली, तरी यांपैकी बऱ्याच दोषांचा परिणाम शेवटी भक्षक पेशींच्या नियंत्रणावरच होतो.

जनुक व परिस्थिती : दोष असूनही काही वाहकांना विकार होत नाही. ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये गेल्या काही दशकांत त्याचे प्रमाण व तीव्रता घटली आहे. इतक्या अल्प काळात जनुके बदलत नाहीत. म्हणून परिस्थितीचाही वाटा मानावा लागतो. गोवराच्या विषाणूचा संबंध सुचवला गेला, पण तो वादग्रस्त आहे. पश्चिम युरोपीय वंशाच्या लोकांत हा विकार अधिक, भारतात विरळा. दक्षिण भारतातून मात्र रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत.

निदान व सल्ला : रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुलांना धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो. अनेकांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले दिसते आणि क्ष-किरण चित्रात हाडातला बदल लक्षात येतो. म्हणून उतारवयातील हाडदुखी ‘वयाचीच’ म्हणून सोडून देऊ नये आणि रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांनी ही साधी तपासणी करून घ्यावी. दोष आनुवंशिक असला, तरी झोलेड्रोनिक आम्लासारख्या औषधांनी हाडांची अतिरेकी उलाढाल आटोक्यात येते.