फुटबॉलची शिलाई आणि घरातल्या बायका

मागच्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. तिथं एका व्यापाऱ्यानं पिशव्या शिवायचं काम देऊ केलं होतं. घरी बसून शिवायचं, नगावर पैसे. कामासोबत दोन पानांचा कागद आला होता. त्यात लिहिलं होतं, काम करताना घरात लहान मूल हाताशी घ्यायचं नाही, जागा स्वच्छ हवी, वही ठेवायची, तपासणीला माणूस आला तर दार उघडायचं. गटातल्या एका मावशींनी विचारलं, "हे नियम केले कुणी? आम्हाला तर कुणी विचारलं नाही." त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही थेट सियालकोटला पोहोचलो. आज तीच हकीकत सांगतो.

सियालकोट हे पाकिस्तानातल्या पंजाबातलं शहर, जम्मूच्या सीमेजवळचं. इंग्रजांच्या काळापासून तिथं खेळाचं सामान बनतं. गोऱ्या शिपायाचा फाटलेला चेंडू तिथल्या चामड्याच्या कारागिरानं शिवून दिला आणि तिथून धंदा वाढला, असं सांगतात. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा तिथले अनेक हिंदू आणि शीख कारागीर जालंधर आणि मेरठला आले. आपल्याकडे खेळाच्या सामानासाठी ही दोन गावं नावाजली, त्यामागे ही फाळणी आहे. सियालकोटचं काम मात्र थांबलं नाही. १९९०च्या सुमाराला जगात हातानं शिवलेल्या फुटबॉलपैकी बहुतेक एकट्या सियालकोट भागात शिवले जात होते.

जुन्या पद्धतीच्या फुटबॉलला ३२ तुकडे असतात. २० सहा कोनांचे, १२ पाच कोनांचे. कारखान्यात तुकडे कापायचे, त्यांवर छपाई करायची आणि शिलाईसाठी गाठोडं गावात पाठवायचं. मध्ये एक ठेकेदार. तो सायकलवर नाहीतर गाडीवर तुकडे घेऊन यायचा आणि शिवलेले चेंडू घेऊन जायचा. दोन सुया, मेण लावलेला दोरा, चेंडू गुडघ्यांत धरायचा आणि ओढून टाका घालायचा. चांगल्या हातालाही दिवसाला तीन-चार चेंडूच जमायचे. हे काम घराघरांत चाले. बाई स्वयंपाक उरकून शिवायला बसायची, सासू बसायची, आणि मुलंही बसायची. ज्या मैत्रिणींनी विड्या वळल्यात त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको.

चेंडू मात्र विकला जायचा युरोप-अमेरिकेत, मोठमोठ्या कंपन्यांच्या नावानं. त्या कंपन्यांचा सियालकोटमध्ये स्वतःचा कारखाना नव्हता. त्या तिथल्या कारखानदाराकडून माल घ्यायच्या, कारखानदार ठेकेदाराला द्यायचा आणि ठेकेदार गावाला. कुणी मजुरीबद्दल विचारलं की अशा कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असे, "कारखाना आमचा नाही, मजूर आमचे नाहीत."

हे उत्तर फार दिवस चाललं नाही. १९९१ साली लिव्हाय स्ट्रॉस या जीन्स विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनं आपल्याला माल पुरवणाऱ्यांसाठी नियम लिहून काढले. मुलांना कामाला लावू नका, जबरदस्तीनं राबवू नका, जागा धोक्याची नसावी, असे ते नियम होते. मोठ्या कंपनीनं केलेली अशी ही पहिलीच सविस्तर नियमावली मानली जाते. मग १९९६ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात एक फोटो छापून आला. पाकिस्तानातला बारा वर्षांचा मुलगा बसून फुटबॉल शिवतोय आणि चेंडूवर नाइके कंपनीची खूण. तिकडं गदारोळ उठला. कामगार संघटना उठल्या, ग्राहक उठले. आपल्या मुलाच्या पायातला चेंडू दुसऱ्या आईच्या मुलानं शिवलाय, हे त्या बायांना सहन झालं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार त्या भागात ५ ते १४ वर्षांची सात हजारांहून जास्त मुलं फुटबॉल शिवत होती.

फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात करार झाला. एका बाजूला सियालकोटच्या कारखानदारांचं मंडळ, दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ. करारात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली, शिलाई घरातून काढून नोंद केलेल्या केंद्रांत आणायची, म्हणजे तपासणी करणाऱ्याला अचानक जाऊन बघता येईल की सुई कुणाच्या हातात आहे. दुसरी, मुलांना नुसतं हाकलायचं नाही. त्यांच्यासाठी शिकवणीचे वर्ग काढायचे आणि त्यांच्या घरच्यांना दुसऱ्या कमाईसाठी छोटी कर्जं मिळवून द्यायची. हे काम सेव्ह द चिल्ड्रनसारख्या संस्थांनी आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी गावात राहून केलं.

यातलं चांगलं ते चांगलंच म्हणायला हवं. कित्येक मुलं सुई सोडून पाटी-पुस्तकाकडं गेली. दूरवरच्या कंपनीला पहिल्यांदा मान्य करावं लागलं की माल माझ्या नावाचा, तर तो शिवणाऱ्याची जबाबदारीही थोडी माझी.

पण मैत्रिणींनो, गाठ पडली ती बायकांची. घरची शिलाई बंद झाली आणि केंद्रं निघाली दुसऱ्या गावात, रस्त्याकडेला, पुरुषांनी भरलेली. ज्या घरात बाईला एकटीनं वेशीबाहेर जाऊ देत नाहीत, त्या घरातल्या बाईनं तिथं कसं जायचं? तान्हं मूल कुणाकडं ठेवायचं? चूल कधी पेटवायची? पुष्कळ बायकांचं काम सुटलं. काम सुटलं तसा हातातला पैसा गेला, आणि पैसा गेला तसं घरातलं बोलणंही. मग लोकांच्या लक्षात आलं आणि फक्त बायकांसाठी गावातच छोटी केंद्रं काढायला सुरुवात झाली. पण हे नंतरचं शहाणपण. करार करताना टेबलाभोवती शिवणारी बाई नव्हती.

पुढं २००६ साली नाइकेनं आपल्या मोठ्या पुरवठादाराकडून, सागा स्पोर्ट्सकडून, फुटबॉल घेणं थांबवलं. कारण दिलं की शिलाई चोरून परत घराघरांत जातेय आणि मुलंही शिवतायत. नियम मोडला होता हे खरं. पण माल घेणं थांबलं तेव्हा ज्यांनी नियम मोडला नव्हता, अशा हजारो कामगारांच्या पोटावरही पाय आला. दुसऱ्या वर्षी कंपनी परत सियालकोटला आली, नव्या कारखान्याबरोबर. या वेळी अट घातली की मजूर कायम नोंदीवरचे हवेत आणि पगार नगावर न देता तासावर द्यायचा. म्हणजे नुसतं 'मूल नको' म्हणून भागत नाही, मोठ्याला पुरेल एवढी मजुरी द्यावी लागते, हे समजायला दहा वर्षं लागली. आईच्या मजुरीत घर भागलं तर मुलाच्या हातात सुई कोण देईल?

२०१४ सालच्या विश्वचषकाचे फुटबॉल सियालकोटच्या एका कारखान्यातही बनले. ते शिवलेले नव्हते, मशीनवर उष्णतेनं चिकटवलेले होते, आणि त्या कामावर बायका मोठ्या संख्येनं होत्या.

आता आपल्याकडं वळू. ज्या १९९६ साली तो फोटो छापून आला, त्याच साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १७७ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. घरी बसून मजुरी करणारी बाईसुद्धा कामगारच आहे, तिला इतर कामगारांसारखीच वागणूक हवी, असं तो ठराव सांगतो. त्यासाठी झटणाऱ्यांत अहमदाबादची 'सेवा' संघटना पुढं होती. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली ती उभी केली. आपल्या देशानं त्या ठरावावर अजून मोहोर उमटवलेली नाही. पण १९६६ सालच्या आपल्या विडी कामगारांच्या कायद्यात घरी विड्या वळणारी बाईसुद्धा येत होती. सोलापूरच्या बायकांनी संघटना करून या हक्कांसाठी अनेक मोर्चे काढले. म्हणजे घरातलं काम दिसत नाही म्हणून त्याला कायदा नाही, असं नाही.

मग त्या मावशींना आम्ही काय सांगितलं? सांगितलं, कागद फेकू नका आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नका. मूल कामाला लावायचं नाही, हा नियम आपल्याच लेकरांसाठी आहे, तो पाळायचाच. पण आपणही विचारायचं. एका पिशवीला किती वेळ लागतो आणि त्या वेळाची मजुरी किती पडते? दोरा, सुई, वीज कुणाच्या खर्चानं? माल नापास झाला तर कोण ठरवणार, आणि पैसे कापणार का? तपासणीत चूक निघाली तर सुधारायला वेळ देणार, की दुसऱ्या दिवसापासून काम बंद? आणि हे सगळं लिहून देणार का?

त्या गटानं हे पाच प्रश्न वहीत लिहिले आणि व्यापाऱ्याला बैठकीला बोलावलं. त्यानं मजुरी थोडी वाढवली, दोरा द्यायचं कबूल केलं. नापास मालाचं अजून ठरायचंय. मावशी म्हणतात, "ते ठरल्याशिवाय पहिलं गाठोडं सोडणार नाही."

तुमच्या गटात घरकामाची मजुरी कशी ठरते, ते येत्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचंच वाचून दाखवू.