मूळ की अस्सल?

१९९० साली लंडनच्या हायकोर्टात एका मोटारीच्या ओळखीवरून खटला उभा राहिला. गाडी चोरीची नव्हती, कागदपत्रंही खोटी नव्हती. सौदा सुमारे १ कोटी पौंडांना ठरला होता आणि घेणाऱ्याने पैसे द्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, मला जी गाडी म्हणून सांगितली, ती ही नाहीच.

ती गाडी म्हणजे बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत तिने १९२९ मध्ये जिंकली आणि १९३० मध्ये पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा तिच्यावर वुल्फ बार्नाटो होता; पहिल्या वर्षी जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. १९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडी मात्र पळतच राहिली. १९३२ मध्ये ८ लिटरचं इंजिन बसवून ती ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली. तिथे उंच वळणाच्या कडेवरून ती बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. नंतर गाडी दुरुस्त झाली, तिच्यावर रस्त्यावर चालवायची बंद बॉडी चढली, पुढे अनेक वर्षांनी तीही उतरवून पुन्हा शर्यतीच्या गाडीसारखी उघडी बॉडी बसवली गेली.

आता सांगा, १९९० साली कोर्टासमोर होती ती कोणती गाडी?

न्यायमूर्ती ऑटन यांनी तिचा एकेक भाग तपासायला घेतला. १९२९ च्या गाडीतलं खात्रीने ओळखता येईल असं जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. १९३० मधली गिअरबॉक्सची केसिंग, पेडलचा शाफ्ट आणि स्टिअरिंग कॉलम. चासी, पुढचा ॲक्सल आणि इंजिन १९३२ चं. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. शर्यतीची गाडी एका रात्रीत बदलली नव्हती. जसजसे भाग झिजले, मोडले, तसतसे ते बदलत गेले, आणि या सगळ्या काळात 'ओल्ड नंबर वन' म्हणून दुसरी कुठली गाडी कधी उभी राहिली नाही. न्यायमूर्तींच्या मते ती 'मूळ' नव्हती, पण 'अस्सल' होती.

हे वाचताना मला मिलिंद राजा आठवतो. तो नागसेनाला भेटायला रथातून आला होता. नागसेनाने विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? दांडा? छत्रपती संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, ते याच नागसेनावरून. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न हायकोर्टात १ कोटी पौंडांना सुटला म्हणायचा.

म्हणून जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी फाइल उघडा. १९६१ ची ज्याग्वार ई-टाइप घ्या. कारखान्याच्या नोंदींवरून ज्याग्वारचा हेरिटेज ट्रस्ट दाखला देतो. त्यात गाडीचा, इंजिनचा, बॉडीचा आणि गिअरबॉक्सचा नंबर असतो, मूळ रंग असतो, ती कोणत्या विक्रेत्याकडे गेली तेही असतं. हे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहायचे. नंबरची पाटी रिव्हेट काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते, म्हणून धातूत ठोकलेला आकडा बघायचा, आणि त्याच्या भोवती ग्राइंडर फिरल्याच्या खुणाही. दाखल्यात निळा रंग लिहिलाय आणि दाराच्या आतल्या कडेला जुना लाल दिसतोय, तर मालकाला चहा सांगायला लावून सावकाश विचारा.

मग पत्रा. ई-टाइपच्या मधल्या भागाला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. पुढचं इंजिन नळ्यांच्या चौकटीवर बसतं आणि ती चौकट बोल्टांनी त्या सांगाड्याला जोडलेली असते. या नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग लखलखीत. दारांखालच्या पट्ट्यासुद्धा शोभेच्या नसतात, गाडीची ताकदच त्यांत असते. उघड्या छताची गाडी जॅकवर उचलून दार उघडून पाहा. फट बदलली किंवा दार अडकलं, तर गाडी मधून वाकतेय. लोहचुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथे पुट्टी भरलेली असते. पण ज्याग्वारच्याच १९४८ च्या एक्सके१२० ची सुरुवातीची बॉडी ॲल्युमिनियमची होती. तिथे चुंबक घेऊन गेलात तर स्वतःचंच हसं करून घ्याल.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी ते तापवून ठेवलं असेल तर रेडिएटरला हात लावून कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावर ३००० आरपीएमला ऑइलचं प्रेशर साधारण ४० पौंड हवं. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसतात, आत डिफरन्शियलला लागून असतात. तिथे ऑइल गळत असेल तर ते ब्रेकवर येतं, आणि नीट काम करायचं तर मागचा अख्खा भाग खाली उतरवावा लागतो. मजुरी ऐकूनच घाम फुटेल.

आपल्याकडे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढता येत नाही. याच नियमांत आणखी एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको.

म्हणजे लंडनच्या कोर्टाने अस्सल ठरवलेली 'ओल्ड नंबर वन' उद्या पुण्याच्या आरटीओत उभी केली, तर खिडकीवरच अडेल.