दोन कंपनांची गोष्ट

षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० कंपनांचा येतो. बाजारच्या हार्मोनियमवर तोच गांधार ३०२च्या किंचित वर वाजतो. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले की असे व्हायचेच. दोन कंपनांचे ते काय, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्यापायी एका गृहस्थाने पेन्शनीतली वर्षे वेचली.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती पारखून, क्लेमंट्स या गोऱ्या जज्जाच्या साह्याने त्यांनी श्रुतींची पेटी सिद्ध केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वाजली. पण पंडितांचे एकमत झाले नाही आणि पेटी मागे पडली.

तरी श्रुती हरवल्या नाहीत. पेटीला स्वर आधी ठरवून घ्यावा लागतो. तबकडीला तशी गरज नाही. गळ्यात जो लागला, मींड, आंदोलन, सगळे तिच्यावर उमटते. आपली निसर्गकविता या वाटेने घरोघर गेली. बालकवी १९१८ साली रेल्वेखाली सापडून गेले, वय अवघे सत्तावीस. त्यांची कविता जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा' नाटकासाठी बांधली आणि आशालता वाबगावकरांनी गायिली. पुढे १९७७ साली 'जैत रे जैत' आला. कथा आमच्या तळेगाव दाभाड्याच्या गो. नी. दांडेकरांची, गीते पळसखेड्याच्या शेतकरी कवीची, ना. धों. महानोरांची, आणि संगीत अमीर खाँसाहेबांचे शिष्य हृदयनाथ मंगेशकर यांचे. ठाकरांचे रान त्या गाण्यांत ऐकू येते, ते बरेचसे दोन स्वरांमधल्या जागांत.

मी भोसरीला मराठी शिकवतो. पलीकडच्या शेडमधला कॉम्प्रेसर दिवसभर एकाच सुरात घुमतो. मुलांचे आईबाप चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत पाळ्या करतात. ज्या चाकणला कांद्याचा बाजार म्हणून आम्ही ओळखत होतो, तेच हे चाकण. या मुलांना झाडांची नावे शब्दकोशातून सांगावी लागतात. म्हणून कविता वाचून झाली की मी ती गाणी लावतो. पेटी साथीला घेत नाही. रान पाहायला मिळाले नाही तरी ते ऐकायला तरी नेमके मिळावे. तिथे दोन कंपनांचीही तूट मला परवडणारी नाही.