पाटलिपुत्रात पाऊस पडला का?

हिंदी मुलखातल्या पाहुण्याला आपण म्हटलं, "तुमच्याशी बोलायची भीड वाटते," तर तो मागे वळून गर्दी शोधेल. त्याच्या भाषेत भीड म्हणजे गर्दी. गुजरातीत गर्दी आहेच, शिवाय पैशाची ओढाताण हीसुद्धा भीडच. मराठीत मात्र हा शब्द मनात शिरला. धागा एकच दिसतो, प्राकृतातल्या भिडण्याचा: जवळ येऊन टेकणं, अंगाला अंग लागणं. त्यातूनच पैलवान भिडतात आणि कपाट भिंतीला भिडवलं जातं. माणसं इतकी जवळ आली की मधे हात हलवायला जागा उरत नाही, तेव्हा मराठी माणसाला भीड पडते.

अनोळखी माणसाची भीड चार भेटींत चेपते. खरी पंचाईत करते ती घरच्यांची भीड, कारण ती नुसती वाटत नाही, घातलीही जाते. "मामांनी भीड घातली म्हणून मी जामीन राहिलो," हे वाक्य अनेक घरांत ऐकू येईल. बोलणारा मामांना दोष देत नाही आणि स्वतःकडेही घेत नाही. सगळं त्या भिडेवर ढकलतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण अशाच जामीनकीतून निघाली असावी, असं मला नेहमी वाटतं. भिडेच्या जोडीला अरबीतून फारसीमार्गे मुर्वत आली. तिथे मुळात ती पुरुषार्थ, दिलदारी, सभ्यता अशी भारदस्त होती. आपल्याकडे भीडमुर्वत असा जोडशब्द झाला आणि तो बहुधा ती 'न ठेवता' बोललेल्या बोलण्यासाठीच वापरला जाऊ लागला. मधली जागा, म्हणजे भीड न बाळगता पण मुर्वत ठेवून बोलणं, शब्दाने रिकामीच ठेवली.

या रिकाम्या जागेत आपण व्याकरण वापरतो. भावाने पैसे मागितले तर "मी देणार नाही" असं कुणी म्हणत नाही. "मला जमणार नाही" म्हणतो. 'मी'चा 'मला' झाला की माणूस कर्तेपणातून सुटतो. नकार त्याने दिलेला नसतो, तो परिस्थितीने आलेला असतो. फार सोयीची रचना आहे ही, आणि तिच्यात माया आहे हेही खरं. समोरच्याचा मान राहतो. पण जमणं ही वेळेवर अवलंबून असलेली गोष्ट. म्हणून भाऊ अगदी न्यायाने विचारतो, "मग कधी जमेल?" दिवाळीनंतर, असं आपण म्हणतो. दिवाळी होते. तिसऱ्यांदा विचारलं की ज्याला पहिल्या दिवशीच द्यायचे नव्हते तोच चिडतो, आणि भावाला कळत नाही की आपलं चुकलं काय.

मग निघतात उणीदुणी. उणे म्हणजे कमी, संस्कृतातलं ऊन. दुणे म्हणजे दुप्पट, द्विगुण, पाढ्यातल्या 'बे दुणे चार'मधलं. हिशेबाचेच शब्द, आणि भांडणात ते हिशेबासारखेच वागतात: तुझ्या बाजूला कमी, माझ्या बाजूला दुप्पट. लग्नातल्या आहेरापासून वडिलांच्या आजारपणापर्यंत सगळ्या नोंदी उघडतात. विषय पैशाचा होता, तो आता कुणालाच आठवत नाही. शेवटी अबोला. तोही नुसता होत नाही, धरावा लागतो, राग धरतात तसा. आणि रुसलेल्याचं मनही धरायचंच असतं, त्याची मनधरणी होते. एकाने अबोला धरायचा, दुसऱ्याने मन.

त्यावरचा घरगुती उतारा म्हणजे समजूत. ती काढतातही आणि घालतातही. क्रियापदं उलट्या दिशेची, अर्थ मात्र एकच. समजणं हे संस्कृत संबुध्यते, प्राकृत संबुज्झइ या वाटेने आलं. आत तोच बुध्, ज्याच्यापासून बोध आणि बुद्ध झाले: जागं होणं. व्यवहारात मात्र समजूत काढायची ती रडणाऱ्या मुलाची, रुसलेल्या सुनेची, हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्याची. ज्याची समजूत काढायची त्याचं चुकलंय हे आधीच ठरलेलं असतं. वडील कर्ते असेपर्यंत त्यांची कुणी समजूत काढत नाही, त्यांना विनवतात. हात थरथरू लागले की काढू लागतात. मला हा शब्द आवडतो, पण त्याच्यावर माझा पुरता विश्वास नाही. त्यापेक्षा अनुकंपा बरी. दुसरा थरथरला की मागोमाग आपणही थरथरणं, अनु आणि कंप. पण तिला आपण 'अनुकंपा तत्त्वावर नोकरी' अशी सरकारी फायलीत बसवली.

राहता राहिली मर्यादा. ऋग्वेदातही असलेला हा शब्द आपल्या घरांत वाकडा झाला. मर्यादा सांभाळायची ती धाकट्याने, बाईने, जावयाच्या दारी मुलीच्या बापाने. थोरल्याला कुणी मर्यादा सांगत नाही. पाणिनीच्या व्याकरणात मात्र तिला वयही नाही आणि दर्जाही नाही. 'आ' या अव्ययाचे अर्थ सांगताना तो दोन शब्द शेजारी ठेवतो, मर्यादा आणि अभिविधि. टीकाकारांचं जुनं उदाहरण आहे: पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला. शहरातही पडला, तर तो अभिविधि. वेशीपर्यंत आला आणि शहर कोरडं राहिलं, तर ती मर्यादा. आपण 'आबालवृद्ध' म्हणतो तेव्हा मुलं-म्हातारे आत धरतो, तो अभिविधि.

म्हणजे व्याकरणातली मर्यादा 'इकडे येऊ नका' असं सांगत नाही. येणं किती लांबवर आहे ते मोजते, आणि शेवटचं एक गाव वगळते. लेक आईला फोनवर म्हणते, "आई, तुझे गुडघे, तुझी झोप, बाबांची चिडचिड, सगळं सांग, रोज सांग. वहिनीबद्दल मात्र तिच्या पाठीमागे मी ऐकणार नाही." इथे 'मला' नाही, 'मी' आहे, पाऊस बाकी सगळीकडे पडतो आहे. आईला हे लागेल. "एवढी परकी झालीस का गं?" असं ती विचारेल, कारण तिच्या हिशेबात जवळचं माणूस म्हणजे अभिविधि, काहीही न वगळता. लेकीने त्यावर समजूत काढायला जाऊ नये. नाही म्हणावं, आणि गुडघ्यांचं विचारावं.